मोटारसायकलचे प्लास्टिक रंगवताना : टिकाऊ काम, हाताला हुनर

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूधवाला, फेरीवाला, शिक्षक, विमा एजंट, शेतमाल घेऊन बाजारात जाणारा शेतकरी या सर्वांचे पोट तिच्या चाकांवर चालते. ही गाडी घसरली, उभ्या जागी कलंडली किंवा अरुंद गल्लीत भिंतीला घासली की सर्वांत आधी मार बसतो तो तिच्या प्लास्टिकच्या भागांना. बाजूचे पॅनेल तडकते, शेपटीकडच्या भागावर चरे उमटतात, दिव्याभोवतीचे व्हायझर फुटते. नवा भाग घ्यायला जावे तर कंपनीचा रंगवलेला भाग महाग पडतो. गाडीचे मॉडेल बंद झाले असेल तर हवा तो रंग मिळतच नाही. अशा वेळी जुनाच भाग सांधून, घासून पुन्हा रंगवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

परंतु हे काम जितके सोपे दिसते तितके ते नाही. रंगवल्याच्या दिवशी पॅनेल आरशासारखे चकाकते आणि दोन-तीन महिन्यांत त्याचे पोपडे निघू लागतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. गिऱ्हाईक म्हणते रंग हलका वापरला. कारागीर म्हणतो प्लास्टिकच खराब. बहुतेक वेळा दोष रंगाचाही नसतो आणि प्लास्टिकचाही नसतो. दोष असतो रंगाच्या खाली केलेल्या, किंवा न केलेल्या, तयारीचा. ही तयारी कशी करावी, कोणते काम हाती घेऊ नये आणि यातून चार पैसे कमवायचे असतील तर कोणती पथ्ये पाळावीत, याची माहिती या लेखात देत आहोत.

लोखंडाची सवय, प्लास्टिकचे काम

आपल्याकडील पेंटिंगचा धंदा लोखंडी पत्र्यावर वाढला. बजाज चेतक, राजदूत, बुलेट या गाड्यांचे अंग पत्र्याचे होते. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी 'ड्युको' नावाचा लवकर वाळणारा रंग काढला. ते नाव आपल्या गॅरेजांत इतके रुजले की कोणत्याही फवारणीच्या रंगाला लोक ड्युकोच म्हणू लागले. पत्रा घासायचा, लांबी भरायची, प्रायमर मारायचा आणि वर ड्युको फवारायचा, ही रीत उस्तादाकडून शागिर्दाकडे आली. पत्र्यासाठी ती योग्यच होती.

पुढे गाडीचे वजन कमी करण्यासाठी, गंज टाळण्यासाठी आणि वळणदार आकार स्वस्तात काढण्यासाठी कंपन्यांनी प्लास्टिक आणले. माल बदलला, पण अनेक ठिकाणी रीत तीच राहिली. येथेच काम बिघडते. प्लास्टिक तीन बाबतींत पत्र्याहून वेगळे आहे. पहिली बाब अशी की त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि काहीसा तेलकट असतो, त्यामुळे साधा प्रायमर त्याला धरून राहत नाही. दुसरी बाब अशी की ते वाकते. पत्र्यासाठी बनवलेली कडक लांबी त्याच्याबरोबर वाकत नाही आणि तडकते. तिसरी बाब अशी की उष्णता आणि तीव्र थिनर त्याला सोसत नाहीत. पत्र्यावरचा जुना रंग काढण्यासाठी जे रंगकाढू रसायन वापरतात, ते प्लास्टिकवर लावल्यास रंगाबरोबर भागही मऊ पडून खराब होतो.

आधी प्लास्टिक ओळखा

प्लास्टिक हा एकच पदार्थ नाही. मोटारसायकलवर मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली ए.बी.एस. चकचकीत रंगवलेली बाजूची पॅनेले, शेपटीकडचा भाग, व्हायझर हे बहुधा याच जातीचे असतात. रंग धरण्यास ही जात चांगली. दुसरी पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पी.पी. चाकामागचे काळे, खरखरीत, न रंगवलेले भाग बहुधा या जातीचे असतात. हिचा पृष्ठभाग मेणासारखा असून साधा रंग तिच्यावर टिकत नाही. याखेरीज बाजारात मिळणारे काही जोडभाग फायबरचे, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे असतात. त्यांची आतली बाजू खडबडीत असते आणि तंतू डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ते सहज ओळखता येतात.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे भाग काढून त्याची मागची बाजू पाहणे. कंपनीच्या भागावर दोन बाणांच्या मध्ये जातीची अक्षरे कोरलेली असतात. ही खूण नसेल तर दोन साध्या चाचण्या करता येतात. आतल्या कडेवर, जेथे दिसणार नाही अशा जागी, कापसाने ॲसिटोनचा एक थेंब लावावा. ए.बी.एस. असेल तर ती जागा चिकट होते. पी.पी.वर काहीही परिणाम होत नाही. दुसरी चाचणी पाण्याची. आतल्या कडेची बारीक कपची सुरीने काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावी. साधे पी.पी. पाण्याहून हलके असल्याने वर येते, ए.बी.एस. तळाशी बसते. मात्र पी.पी.मध्ये शंखजिऱ्यासारखी भुकटी जास्त मिसळलेली असेल तर तेही बुडू शकते, म्हणून केवळ पाण्यावर विसंबू नये. काही जण प्लास्टिक जाळून वासावरून जात ओळखतात. तो धूर विषारी असतो, ती सवय सोडून द्यावी.

काळे, खरखरीत, मुळातच रंग न दिलेले भाग उन्हाने पांढुरके झाले म्हणून गिऱ्हाईक रंगवायला आणते. अशा भागावर विशेष प्रकारचा, पी.पी.साठीच असलेला प्रायमर आधी मारावा लागतो. त्याला बाजारात 'अधेजन प्रमोटर' म्हणून मागतात. तो मिळत नसेल तर हे काम घेऊ नये. चाकाच्या चिखलात आणि खड्यांच्या माऱ्यात तो रंग फार काळ राहणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. नाकारलेल्या कामाने एका दिवसाची मजुरी जाते, बिघडलेल्या कामाने नाव जाते.

तडा गेलेला भाग सांधणे

रंगाच्या आधी तडा बुजवला पाहिजे. ए.बी.एस.साठी घरच्या घरी उत्तम सांधा करता येतो. त्याच जातीच्या फुटक्या, टाकाऊ भागाचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत घेऊन ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवावेत. त्यांची दाट खळ तयार होते. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिलने छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूने तड्यावर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच करून तीत ही खळ भरावी आणि वर बारीक जाळीची पट्टी दाबून पुन्हा एक हात द्यावा. पूर्ण सुकायला एक-दोन दिवस द्यावेत. ॲसिटोन उडून गेले की भरलेला माल आणि मूळ भाग एकजीव होतात.

पी.पी.वर ॲसिटोनचा उपयोग नाही. ते त्याच जातीच्या काडीने, उष्णतेने वितळवून जोडावे लागते. चटकन चिकटणारा गोंद तात्पुरता धरतो, परंतु तो ठिसूळ असल्याने गाडीच्या हादऱ्याने सांधा पुन्हा उघडतो आणि वरचा रंगही रेघ धरून फुटतो. स्क्रू बसण्याचे कान, खाचेत अडकणारे खुंट हे भाग तुटले असतील तर तेही याच वेळी नीट करावेत. रंग कितीही सुंदर दिला तरी पॅनेल गाडीवर खडखडत असेल तर गिऱ्हाईक समाधानी होत नाही.

साफसफाई : निम्मे काम येथेच

भाग गाडीवर ठेवून कागद चिकटवून रंगवण्याचा मोह टाळावा. तो काढूनच घ्यावा. स्टिकर असतील तर केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून हळूहळू ओढावेत. लोखंड तापवण्याची हीट गन वापरू नये. ए.बी.एस. साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पट गरम असते. भाग एकदा वाकडा झाला की तो पुन्हा गाडीवर बसत नाही.

यानंतर भांडी घासण्याच्या साबणाने कोमट पाण्यात भाग आतून-बाहेरून धुवावा. घासण्याच्या आधी धुणे महत्त्वाचे आहे. आधी घासले तर तेल, वंगण आणि पॉलिश त्या चऱ्यांत आणखी खोल बसते. टायर आणि डॅशबोर्ड चमकवण्याच्या अनेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. त्याचा अंश राहिला तर ओला रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कितीही थर दिले तरी ते खड्डे भरत नाहीत. म्हणून धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे मेण-तेल काढण्याचे द्रव स्वच्छ फडक्यावर घेऊन भाग पुसावा, आणि ते वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. पेट्रोलने पुसण्याची गॅरेजातील सवय येथे उपयोगाची नाही. पेट्रोल मागे तेलकट अंश ठेवते आणि आगीचा धोका वेगळाच. तीव्र एन.सी. थिनरने पुसल्यास ए.बी.एस.च्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे तडे जातात व ते पुढे उघडतात.

आता घासणे. जुना रंग सगळीकडे घट्ट असेल तर तो प्लास्टिकपर्यंत काढण्याची गरज नाही. कंपनीचा रंग हा उत्तम प्रायमरच असतो. त्यावर ६०० ते ८०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर फिरवून चमक मारली म्हणजे पुरे. जेथे पोपडे निघाले आहेत तेथे ३२० नंबरने कडा उतरत्या कराव्यात. बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये. खोल चऱ्यांत प्लास्टिकसाठी असलेली लवचिक लांबी पातळ हाताने भरावी, वाळल्यावर ३२० आणि मग ६०० नंबरने सपाट करावी. पेपर हातात धरून नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांचे नाले उमटतात, म्हणून सपाट जागी रबरी किंवा लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळावा.

घासणे नेहमी ओले करावे. घराच्या रंगातील शिशाला भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएमची मर्यादा घातली गेली, परंतु तो नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता होता. जुन्या वाहनांच्या पिवळ्या, लाल, नारिंगी रंगांत शिशाचा अंश असू शकतो. कोरडी धूळ श्वासावाटे आणि हातावाटे पोटात जाते. लहान मुले खेळतात त्या अंगणात हे काम करू नये, आणि जेवणापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावे.

प्रायमर, रंग आणि क्लिअर

उघड्या प्लास्टिकवर पहिला थर प्लास्टिक प्रायमरचा. तो पातळ असतो आणि त्याचे काम केवळ पकड देणे हे आहे. जाड थर दिल्याने पकड वाढत नाही, उलट कमी होते. त्यानंतर करड्या सरफेसरचे दोन थर. हा बारीक चरे भरतो. वाळल्यावर ६०० ते ८०० नंबरने ओले घासून एकसारखे करावे. या टप्प्यावर भाग उजेडात तिरपा धरून पाहावा. येथे जो दोष दिसतो तो चमकदार रंगाखाली दुप्पट दिसतो. लाल, पिवळ्या अशा पारदर्शक रंगांखाली पांढरा किंवा फिका प्रायमर असावा, काळ्या-निळ्या रंगांखाली करडा चालतो.

गाडीच्या रंगाचा कोड बहुधा सीटखाली किंवा चासीवरच्या पट्टीवर असतो. मोठ्या शहरांत संगणकावर रंग जुळवून देणारी दुकाने आहेत. तेथे कोड द्यावा व शक्य असल्यास जुना तुकडा सोबत न्यावा, कारण उन्हाने गाडीचा रंग उतरलेला असतो आणि कोडाप्रमाणे केलेला नवा रंग शेजारच्या जुन्या भागाशेजारी वेगळा दिसतो. चंदेरी व इतर मेटॅलिक रंगांत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. थर ओला पडला की ते एक प्रकारे बसतात, कोरडा पडला की दुसऱ्या प्रकारे. म्हणून एकाच डब्यातल्या रंगाच्या दोन छटा होऊ शकतात. उजवे आणि डावे पॅनेल नेहमी एकाच बैठकीत, एकाच हाताने रंगवावे.

फवारणीची शिस्त अशी : डबा एक-दोन मिनिटे चांगला हलवावा, भागापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, हात भागाला समांतर फिरवावा, मनगट गोल वळवू नये. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला थर केवळ धुके पडल्यासारखा, खालचे दिसेल इतका हलका द्यावा. मग दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ थर. एका थरात झाकण्याची घाई केली की ओघळ येतो. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नये. वाळू द्यावा, घासावा, पुन्हा फवारावे.

वरून क्लिअरचे दोन-तीन थर द्यावेत. ऊन, पाणी आणि पेट्रोलपासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. सरफेसर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्यावेत. वाळलेल्या साध्या रंगावर तीव्र थिनरचा रंग पडला तर खालचा थर सुरकुततो. स्प्रेच्या डब्यातील साधा क्लिअर पेट्रोल सांडल्यास मऊ पडतो, म्हणून टाकीजवळच्या भागांसाठी हार्डनर मिसळलेला क्लिअर लागतो. त्याची सोय घरी का करू नये, ते पुढे सांगितले आहे. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असे नाही. भाग गाडीवर चढवण्यापूर्वी निदान दोन-तीन दिवस आणि पॉलिश लावण्यापूर्वी महिनाभर थांबावे.

पावसाळा, ऊन आणि धूळ

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात घरी रंग मारणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. रंग वाळताना त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. याचे कारण असे की थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतील दमट बाष्प त्या थंड थरावर दवासारखे बसते. उपाय म्हणजे पाऊस चालू असताना काम न करणे, थर आणखी पातळ देणे आणि गन वापरत असल्यास सावकाश उडणारा थिनर घेणे. सोलापूर, नांदेड, जळगावकडे मे महिन्यात उलट अडचण येते. तापलेल्या भागावर रंगाची वरची साय लगेच वाळते, आत अडकलेला थिनर नंतर बाहेर पडताना बारीक फोड आणतो. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर, सावलीत करावे आणि ओला भाग लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवू नये.

धुळीचा त्रास प्लास्टिकवर पत्र्यापेक्षा अधिक होतो. कोरड्या फडक्याने घासलेले प्लास्टिक विजेच्या स्थिर भाराने धूळ ओढून घेते. रंगापूर्वी भाग किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावा आणि जमिनीवर पाणी शिंपडावे. ही जुन्या पेंटरांची युक्ती आजही तितकीच कामाची आहे.

श्वासाशी खेळ नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या गॅरेजांत कारागीर तोंडाला रुमाल बांधून फवारणी करतात. रुमाल जाडसर कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. साधा कापडी किंवा कागदी मास्कही तिला अडवत नाही. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि वास येऊ लागला की ती डबी बदलावी लागते. साध्या स्प्रेच्या डब्याचे काम करणाऱ्यानेही निदान इतके करावेच.

हार्डनर घालून वापरायच्या पी.यू. रंगाची आणि क्लिअरची गोष्ट याहून गंभीर आहे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने कारागिरांना दमा होतो, हे जगभर मान्य झालेले आहे. त्याचा धोका असा की हवेत ते घातक प्रमाणात असले तरी त्याचा वास येईलच असे नाही. एकदा शरीराला त्याची बाधा झाली की पुढे अत्यल्प प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि मग हातचे काम कायमचे सोडावे लागते. या फवाऱ्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा खेचून बाहेर टाकणारी बंदिस्त खोली लागते. ही सोय घरात होत नाही. म्हणून घरी साध्या ॲक्रिलिक रंगापर्यंत काम करावे आणि पी.यू. क्लिअरचा शेवटचा हात सोय असलेल्या पेंटिंग शॉपमधून मारून घ्यावा. तयार करून दिलेल्या भागावर केवळ क्लिअर मारण्याचे पैसे पूर्ण कामापेक्षा बरेच कमी पडतात. थोडे पैसे जातात, पण फुफ्फुसे शाबूत राहतात.

आगीचा विचारही करावा. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीतील शेगडीपर्यंत पोहोचू शकते. स्वयंपाकघराला लागून, बंद खोलीत किंवा देव्हाऱ्यातील दिवा, अगरबत्ती, विडी-सिगारेट जवळ असताना फवारणी करू नये. हात थिनरने धुण्याची सवय वाईट आहे. त्याने कातडी फाटते आणि रसायन अंगात जाते. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत आणि हात साबणानेच धुवावेत. उरलेला थिनर गटारात ओतू नये. झाकणबंद डब्यात ठेवला तर गाळ खाली बसतो आणि वरचा भाग गन धुण्यास पुन्हा उपयोगी पडतो.

धंदा म्हणून विचार करताना

मालेगावपासून मिरजेपर्यंत आपल्या अनेक होतकरू मुलांचे हात गॅरेज लाईनीत घडले आहेत. इंजिनाचे काम शिकणारे पुष्कळ, प्लास्टिकचे नीट काम जाणणारे मात्र थोडे. आधी स्वतःच्या गाडीचे, मग भंगारातून आणलेल्या फुटक्या पॅनेलांचे काम करून हात बसवावा. शिकण्यासाठी भंगारातील पॅनेलासारखा स्वस्त गुरू नाही. रीतसर शिकायचे असल्यास काही आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

काम गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी आपले काम आपणच तपासण्याची एक जगन्मान्य रीत आहे. भंगारातील त्याच जातीच्या तुकड्यावर तीच तयारी, तोच रंग द्यावा. आठवड्याने धारदार पात्याने त्यावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा प्लास्टिकपर्यंत ओढाव्यात. पंचवीस चौकोन तयार होतात. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. चौकोन जागेवर राहिले तर रीत बरोबर. पट्टीबरोबर चौकोन निघाले तर ते कोठून सुटले ते पाहावे. प्लास्टिक उघडे पडले असेल तर धुण्यात किंवा प्रायमरमध्ये कसर आहे. थर थरावरून सुटला असेल तर मधले घासणे कमी पडले आहे. जो कारागीर ही पट्टी स्वतः ओढून पाहतो, त्याला गिऱ्हाइकाला हमी देताना अडखळावे लागत नाही.

भाव ठरवताना केवळ रंगाच्या डब्याची किंमत धरणे ही नवशिक्यांची सर्वसाधारण चूक. पेपर, प्रायमर, क्लिअर, फडकी, मास्कची डबी, वाया गेलेला माल आणि स्वतःचे तास हे सर्व वहीत लिहावे. दोन पॅनेलांना हाताचे काम पाच-सहा तासांचे आणि वाळण्याचे दिवस तीन, असा अंदाज सुरुवातीला धरावा. गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत मागते. त्याला तीन दिवसांचे कारण शांतपणे समजावून सांगावे. घाईने केलेले काम पुन्हा फुकट करून द्यावे लागते, आणि तेव्हा तीनाचे सहा दिवस होतात. भाग ताब्यात घेतानाच त्यावर आधीचे तडे, तुटलेले खुंट यांची नोंद त्याच्यासमोर करावी. मागाहून वाद होत नाही. कोणता माल वापरणार आणि किती काळाची हमी देणार, हे पावतीवर लिहून द्यावे.

धंदा जम धरू लागला की केंद्र सरकारची उद्यम नोंदणी करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या या नोंदणीला सरकारी फी नाही. मध्यस्थ पैसे मागत असेल तर आधार क्रमांक घेऊन स्वतःच नोंदणी करावी. दाट वस्तीत काम करायचे असेल तर वासाचा आणि धुळीचा त्रास शेजाऱ्यांना होणार नाही अशी जागा आधी पाहावी. तक्रार होऊन बंद पडलेले दुकान पुन्हा उभे करणे कठीण असते.

रंग बदलण्यापूर्वी

आहे तोच रंग पुन्हा देण्यास कोणाची हरकत नाही. परंतु वाहनाचा रंग आर.सी.मध्ये नोंदलेला असतो. संपूर्ण गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आधी आर.टी.ओ.कडे चौकशी करून नोंद बदलून घ्यावी, अन्यथा रस्त्यावरच्या तपासणीत किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते. लष्करी गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग खासगी वाहनाला देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ व्या नियमाने मनाई आहे. हौशी तरुण बुलेटला तो रंग मागतात. अशा वेळी पेंटरने त्यांना नियम सांगावा आणि काम घेऊ नये.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. साबण, पाणी, पॉलिश पेपर, चांगला प्रायमर, योग्य मास्क आणि तीन दिवसांचा धीर एवढ्यावर सुरुवात होते. नव्याने हात घालणाऱ्याने या आठवड्यात भंगारवाल्याकडून एक फुटके ए.बी.एस. पॅनेल आणावे, वर सांगितलेल्या क्रमाने ते सांधावे, रंगवावे आणि आठवड्याने त्यावर पंचवीस चौकोनांची चाचणी करावी. ते चौकोन जागेवर राहिले की पहिले गिऱ्हाईक घेण्यास हरकत नाही.